'क्रांती' या शब्दाचे वजन

धान्याच्या व्यापाऱ्याने शब्दांविषयी लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. भाषा हा पंडितांचा प्रांत आणि ज्वारी-गहू हा आमचा. परंतु बाजारात जन्म काढलेल्या माणसास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. माल कितीही चोख असला, तरी तराजूला पासंग असेल तर व्यवहार खोटा ठरतो. शब्द हेही एक मापच होय. ते सैल झाले म्हणजे विचारांची देवघेव बिघडते, आणि ती बिघडल्याचे पुष्कळ दिवस कोणाच्या ध्यानातही येत नाही.

'क्रांती' हे असेच एक माप सध्या फार सैल हाताने वापरले जात आहे. पीठ नव्या पिशवीत भरून विकले, की ती वेष्टनातील क्रांती. मोबाईलवरून पैसे चुकते झाले, की ती व्यवहारातील क्रांती. दुकानाची दर्शनी बाजू रंगविली, तरी जाहिरातीत 'क्रांतिकारी नवे रूप' असे छापून येते. उलटपक्षी, आमच्या वयाचे कित्येक व्यापारी बंधू हा शब्द कानी पडताच कपाळास आठ्या घालतात. क्रांती म्हणजे दंगा, टाळेबंदी आणि पेढीवर दगड, एवढाच अर्थ त्यांच्या मनात उभा राहतो. तरुण मंडळी शब्दाचे वजन न करता तो विकत घेत आहेत आणि वडीलधारी मंडळी वजन न करताच तो नाकारीत आहेत. तेव्हा हा शब्द एकदा काट्यावर घालून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

'क्रांती' हा शब्द संस्कृतातील 'क्रम्' या धातूपासून आलेला आहे. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे, चालणे, ओलांडणे. याच धातूचे कुटुंब आपण रोज वापरतो : अनुक्रम, उपक्रम, पराक्रम, आक्रमण, अतिक्रमण. आमच्या क्रय-विक्रयाचा धातू मात्र 'क्री' हा वेगळा आहे. उच्चाराच्या साम्याने फसू नये. यात विशेष ध्यानात घेण्यासारखे हे, की 'क्रम' आणि 'क्रांती' ही एकाच घरची भावंडे आहेत. एकामागून एक पाऊल नीट पडत गेले म्हणजे क्रम, आणि एखादे पाऊल मर्यादा ओलांडून पलीकडे पडले म्हणजे क्रांती. म्हणून ज्यास क्रमाचे ज्ञान नाही त्याने क्रांतीची भाषा बोलू नये, असे हा धातूच आपणास सुचवीत आहे.

राजकारणात येण्यापूर्वी हा शब्द पुष्कळ काळ आकाशात राहत होता. ज्योतिर्गणितात सूर्याच्या भासमान मार्गास क्रांतिवृत्त म्हणतात, आणि विषुववृत्तापासून सूर्य उत्तरेस वा दक्षिणेस किती अंशांवर आहे, त्या अंतरास क्रांती म्हणतात. हे अंतर अधिकात अधिक सुमारे साडेतेवीस अंश भरते. सूर्याने एका राशीतून दुसऱ्या राशीत पाऊल टाकले की संक्रांत होते. तिळगूळ वाटताना आपण ज्या शब्दाचा उच्चार करतो, त्याच शब्दाचा हा सख्खा भाऊ. या मूळ अर्थात ना आरडाओरडा आहे, ना रक्तपात. सूर्य ठरलेल्या मार्गाने सीमा ओलांडतो आणि दिवसाचे मान पालटते, एवढेच.

योगायोग असा, की ज्या इंग्रजी शब्दास आपण 'क्रांती' हा प्रतिशब्द योजिला, तो 'रिव्होल्यूशन' शब्दही आकाशातूनच खाली उतरलेला आहे. कोपर्निकसचा ग्रहगोलांच्या परिभ्रमणावरील ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या लॅटिन नावात हाच शब्द आहे. त्याचा अर्थ फिरून पुन्हा त्याच जागी येणे. १६८८ साली इंग्लंडात राजा बदलला तेव्हा हा शब्द वापरला गेला, त्यातही जुने हक्क पूर्ववत झाल्याची भावना होती. १७८९ च्या फ्रान्समधील उलथापालथीनंतर मात्र या शब्दाचे तोंड फिरले. आता त्याचा अर्थ परत येणे असा राहिला नाही. पुन्हा मागे जाता येणार नाही असे पुढे जाणे, हा अर्थ त्यास चिकटला. मराठीने या घटनेस 'राज्यक्रांती' म्हटले, आणि तेथून हा शब्द आपल्या शाळांच्या इतिहासाच्या पुस्तकांत स्थिरावला.

उर्दूतील 'इन्किलाब' या शब्दाची जात निराळी आहे. तो अरबी धातूपासून आलेला असून त्याचा अर्थ उलटणे, पालटणे असा आहे. 'इन्किलाब झिंदाबाद' ही घोषणा १९२१ साली मौलाना हसरत मोहानी यांनी दिली, आणि ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात तिचा उच्चार केल्यावर ती देशभर झाली. पुढे न्यायालयापुढील निवेदनात या दोघांनी आपल्या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला. बाँब आणि पिस्तूल म्हणजे क्रांती नव्हे, उघड अन्यायावर उभी असलेली समाजव्यवस्था बदलणे म्हणजे क्रांती, असा त्याचा आशय होता. विशीतल्या तरुणांनी फाशीची छाया समोर असतानाही शब्दाचा अर्थ एवढ्या काळजीने सांगावा, आणि आपण तो पिशवीवर छापावा, याचा विचार करावा.

आमच्या सीमाभागास हा शब्द परका नाही. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शूर अनुयायी संगोळ्ळी रायण्णा यास इंग्रजांनी १८३१ साली नंदगड येथे फाशी दिले. इंग्रजांच्या लेखी तो बंडखोर होता, आज या भागात त्यास क्रांतिवीर म्हणतात. १८५७ च्या घटनांविषयी विष्णुभट गोडसे यांनी लिहिलेल्या प्रवासवृत्तास 'बंडाची हकीकत' असेच म्हटलेले आहे. त्याच घटनेस पुढच्या पिढीने स्वातंत्र्यसमर म्हटले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नाना पाटील यांना लोकांनी 'क्रांतिसिंह' ही पदवी दिली. ९ ऑगस्ट हा १९४२ च्या लढ्याचा क्रांतिदिन, तर गोमंतकात १८ जून हा क्रांतिदिन होय, कारण १९४६ साली त्या दिवशी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात नागरी हक्कांसाठी सभा घेतली. यावरून असे दिसते, की बंड आणि क्रांती यांतील भेद पुष्कळदा शब्द वापरणारा कोणत्या पारड्यात उभा आहे यावर ठरतो. म्हणूनच शब्द वापरणाऱ्याने अधिक सावध असावयास हवे.

आता मराठीच्या पेटीतील इतर वजने पाहू. आपल्या भाषेत बदलासाठी लहानमोठी पुष्कळ वजने आहेत, आणि छटाक-पावशेराच्या जागी मण ठेवण्याचे कारण नाही. जुनी रीत कायम ठेवून तिच्यातील दोष काढला, तर ती सुधारणा. एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत गेले, तर ते स्थित्यंतर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, हे स्थित्यंतर. बाह्य रूप सर्वस्वी बदलले आणि आतील वस्तू तीच राहिली, तर तो कायापालट. मुळापासून शेंड्यापर्यंत बदल झाला, तर तो आमूलाग्र. हळूहळू, पिढ्यान् पिढ्या होत गेलेल्या विकासास आपण उत्क्रांती म्हणतो, जरी संस्कृतात या शब्दाचा एक अर्थ प्राण देहातून निघून जाणे असा आहे. भाव चढला तर ती तेजी, उतरला तर मंदी. तीस क्रांती म्हणणे म्हणजे कापसाच्या गाठीस लोखंडाचे वजन सांगणे होय.

मग क्रांती हे वजन केव्हा ठेवावे? आमच्या व्यवसायातील चार उदाहरणे घेऊन हे तपासून पाहू.

पहिले उदाहरण वजनमापांचेच. पूर्वी मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक असे. एकाच शब्दाची तीन वजने. त्यात पायली, शेर, चिपटे ही मापे गावागणिक निराळी. परगावचा सौदा करताना प्रथम कोणता मण, हा प्रश्न विचारावा लागे, आणि न विचारणारा शेतकरी बुडे. १९५६ साली यासंबंधी कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅमची वजने लागू झाली. काही वर्षांतच देशातील सर्व अधिकृत व्यवहार एका मापावर आला. सोळा आणे हा शब्द म्हणीपुरता उरला. या बदलास क्रांती म्हणून कोणी मिरवणूक काढल्याचे आम्ही ऐकले नाही. तथापि, अडाणी शेतकऱ्यास आणि शिकलेल्या व्यापाऱ्यास एकाच काट्यापुढे उभे करणारा आणि मागे न फिरलेला हा बदल, आमच्या मते, या नावास पुरेपूर पात्र आहे.

दुसरे उदाहरण हरितक्रांतीचे. हे नाव विल्यम गॉड या अमेरिकन अधिकाऱ्याने ८ मार्च १९६८ रोजी वॉशिंग्टन येथील भाषणात वापरले. लाल आणि पांढऱ्या राजकीय क्रांत्यांहून ही वेगळी, म्हणून हिरवी, असा त्याचा संदर्भ होता. पुढे दुधाची श्वेत, माशांची नील, तेलबियांची पीत, असे रंग या शब्दास लागत गेले. नाव परदेशातून आले तरी काम येथे झाले होते. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले गेले. सी. सुब्रह्मण्यम यांचे धोरण, डॉ. स्वामिनाथन व डॉ. बोर्लॉग यांचे शास्त्र आणि पंजाबच्या शेतकऱ्याचे कष्ट यांचा योग जुळला. १९६४-६५ साली देशात गव्हाचे उत्पादन सुमारे १ कोटी २० लाख टन होते, ते १९६७-६८ साली सुमारे १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. परदेशी जहाजाची वाट पाहणारा देश आपल्या शेतातील धान्यावर उभा राहिला. सीमा ओलांडली गेली यात शंका नाही.

परंतु याच क्रांतीच्या नावेच्या बाजूस काय लिहिले आहे? पंजाबात भूगर्भातील पाणी खोल गेले. आमच्या भागाचे अन्न जे ज्वारी, तिचा देशातील पेरा १९६० च्या दशकात सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर होता, तो आता ५० लाख हेक्टरांच्याही आत आला आहे. हमीभाव आणि शिधावाटप यांचे सारे बळ गहू-तांदळामागे गेले आणि कोरडवाहू शेतकऱ्याची भाकरी बाजूस पडली. २०२३ हे वर्ष जगभर भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा कोठे शहरवासीयांस मालदांडी ज्वारीची आठवण झाली. क्रांती खरी होती, आणि तिचा खर्चही खरा होता. एकास मान्य करून दुसऱ्यास झाकणे हा खोटा हिशेब होय.

तिसरे उदाहरण आमच्या व्यवसायास झोंबणारे आहे. एप्रिल १९७३ मध्ये केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला. दलाल आणि साठेबाज यांचा कायमचा नायनाट करणारे हे क्रांतिकारक पाऊल आहे, असा त्याचा गौरव झाला. साठेबाजीचा आरोप सर्वस्वी निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही, दुष्काळाच्या वर्षी नफ्याचा लोभ धरणारे व्यापारी होते. परंतु खेड्यातून पोते उचलणे, चाळणे, साठवणे आणि वेळेवर पोहोचविणे हे काम कोण आणि कसे करणार, याची तयारी पुरेशी नव्हती. सरकारी खरेदी उद्दिष्टाहून पुष्कळच कमी झाली आणि १९७४ साली हे पाऊल मागे घ्यावे लागले. जे वर्षभरात मागे घ्यावे लागले, त्यास क्रांती कसे म्हणावे?

चौथे उदाहरण ताजे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये शेतमालाच्या व्यापारासंबंधी तीन कायदे झाले. एका पक्षाने त्यांस क्रांतिकारक म्हटले, दुसऱ्याने सर्वनाशी म्हटले. शेतकरी दिल्लीच्या सीमांवर वर्षाहून अधिक काळ बसून राहिले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे रद्द झाले. कायदे बरे की वाईट, या वादात आम्ही येथे शिरत नाही, आमच्या संघातही त्यावर दोन मते होती. मात्र १९७३ साली व्यापार सरकारने घ्यावा म्हणून आणि २०२० साली व्यापार मोकळा करावा म्हणून, अगदी उलट दिशांच्या दोन पावलांस एकच विशेषण लागले, आणि दोन्ही पावले परत फिरली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्यांच्या पायांखालील जमीन बदलावयाची, त्यांस आधी विचारले नाही, तर मोठा शब्द पावलास बळ देऊ शकत नाही.

येथवर आलो म्हणजे आपल्या धर्माने 'क्रम्' या धातूविषयी काय शिकविले आहे, त्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ईर्यासमितीचा नियम काय सांगतो? पाऊल टाकण्यापूर्वी पुढील चार हात भूमी पाहावी, पायाखाली जीव येणार नाही याची खात्री करावी, मगच पाऊल ठेवावे. साधूंसाठी सांगितलेला हा नियम आहे, पण क्रांतीच्या मोठ्या पावलास तो लागू नाही असे कोण म्हणेल? पाऊल जितके मोठे, तितकी भूमी अधिक निरखून पाहावयास हवी. आणि पाऊल पडल्यावर काय करावे, त्यासाठी षडावश्यकांत प्रतिक्रमण आहे. तोच धातू, पावलाची दिशा मात्र आत. झालेल्या चालीत कोणास दुखविले, कोठे मर्यादा सुटली, हे पाहून मागे आपल्या ठायी येणे. डॉ. आंबेडकरांच्या विवेचनामुळे रूढ झालेला 'प्रतिक्रांती' हा शब्द अगदी वेगळा. मिळविलेले हक्क हिरावून घेणारी उलट चाल, असा त्याचा अर्थ आहे. प्रतिक्रांती पुढे गेलेल्यास मागे ओढते. प्रतिक्रमण पुढे जाणाऱ्यास शुद्ध करते. उपसर्ग एक, धातू एक, आणि अर्थांत एवढे अंतर!

तत्त्वार्थसूत्रात सत् वस्तूची तीन लक्षणे सांगितली आहेत : उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य. काही उपजते, काही नाश पावते, आणि काही टिकून राहते. सोन्याचा कलश मोडून मुकुट घडविला, तर कलश हवा असणारा रडतो, मुकुट हवा असणारा हसतो, आणि सोन्याकडे पाहणारा स्थिर राहतो, हा समंतभद्राचार्यांचा दृष्टांत आपण प्रवचनांत ऐकलेला आहे. क्रांतीचा जयघोष करणारे केवळ उत्पाद पाहतात, तिला भिणारे केवळ व्यय पाहतात. व्यापाऱ्याने कीर्दीत तिन्ही रकमा लिहाव्यात : नवे काय आले, जुने काय गेले, आणि मूळ भांडवल कायम राहिले की नाही.

हा सारा ऊहापोह केवळ शब्दाच्या हौसेसाठी नाही. आमच्या बाजारपेठेपुढे मोठे पाऊल उभे आहे. गोदामात यंत्राने पोती चढू-उतरू लागली आहेत, इलेक्ट्रॉनिक काट्याने तोलाराचे काम घेतले आहे, खतावणी संगणकात गेली आहे, आणि २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ई-नाम बाजारावर सौदे मोबाईलवर होत आहेत. हे बदल थांबणार नाहीत आणि थांबवूही नयेत. परंतु तीस-तीस वर्षे पाठीवर पोते वाहिलेला हमाल, रात्री दिव्याखाली वही जुळविणारा दिवाणजी आणि तोलार यांचे काय, हा प्रश्न त्या पावलाखालील भूमीचा प्रश्न आहे. ज्या पेढ्या त्यांच्या श्रमांवर उभ्या राहिल्या, त्यांनी यंत्राच्या उद्घाटनाची पत्रिका छापण्यापूर्वी या माणसांची सोय लावावी. हमालांच्या मुलांस यंत्र चालविण्याचे शिक्षण द्यावे, वृद्ध हमालास उतारवयाची तरतूद करावी, दिवाणजीस संगणक शिकण्यास सहा महिने पगारासह द्यावेत. असे झाले, तर आमच्या पेठेतील बदलास क्रांती म्हणण्याचा अधिकार आम्हांस मिळेल. न झाल्यास त्यास यंत्रखरेदी एवढेच नाव योग्य आहे.

संघाच्या तरुण सभासदांस आमची विनंती अशी, की त्यांनी 'क्रांती' शब्दास भिऊ नये आणि त्याची उधळपट्टीही करू नये. परिपत्रकात वा जाहिरातीत तो लिहिण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. सीमा खरोखर ओलांडली गेली काय? मागे फिरावे लागणार नाही अशी तयारी झाली आहे काय? आणि पावलाखाली कोण आले, याचा हिशेब लिहिला आहे काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर तो शब्द निःशंक लिहावा. नसेल, तर पेटीत सुधारणा, पालट, स्थित्यंतर ही वजने आहेतच. त्यांनी प्रामाणिक व्यवहारास कधी कमीपणा आलेला नाही.